कोरडी जीभ

एक

“लेकरू लांब धाडू नगा, बाई. अंगावरचं लेकरू असं तोडलं की पान्हा तुंबतो, आन् तुंबलेला पान्हा बाईच्या डोक्यात जातो. म्या या डोळ्यांनी बगितलंय.”

केशरबाईंनी हे सांगितलं तेव्हा डॉक्टर सरोजिनी हसली होती. हसून म्हणाली होती, “केशरबाई, छातीतून डोक्यात जायला वाट कुठं आहे? पाच वर्षं तेच तर शिकलेय मी.” केशरबाई कापूस गुंडाळायला लागल्या. माळकुंजीच्या आरोग्य केंद्रात त्या बावीस वर्षं नर्स होत्या. एवढ्या वर्षांत सहा डॉक्टर आले नि गेले, आणि सगळेच काही ना काही शिकून आले होते.

त्र्याऐंशी सालचा उन्हाळा होता. वाशीच्या पलीकडच्या त्या उघड्या माळावर केंद्राची विहीर चैत्रातच आटली. टँकर आला तर माणशी दोन घागरी, नाही आला तर नाही. दहा महिन्यांच्या यशूची दुपटी धुवायची कशात? सरोजिनीचा नवरा नांदेडला नोकरीला. शेवटी मुरुमहून तिचे वडील आले. शाळामास्तर माणूस, फार न बोलता त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं आणि एसटीत बसले. खिडकीतून यशू आईकडं बघून हसत होती, कारण तिला वाटलं आईही चढतेय.

त्याला सोळा दिवस झाले होते. दिवस मोजायचे नाहीत असं सरोजिनी रोज ठरवायची आणि रोज मोजायची. वडिलांचं कार्ड येई: यशू उंबऱ्याला धरून उभी राहते, यशू ‘आजा’ म्हणते. ‘आई’ म्हणते का, ते वडील लिहीत नसत. दुपारी बाहेरचे रुग्ण संपले की ठरल्या वेळी तिची छाती भरून यायची, ब्लाउज ओला व्हायचा, आणि ती पदर ओढून आतल्या मोरीत जायची. घोटभर पाण्यासाठी माणसं कोसभर चालत होती त्या गावात ती रोज दूध मोरीत पिळून टाकत होती.

त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला चार माणसांनी एक बाज उचलून आणली. बैल चारा-छावणीत होते, म्हणून गाडी नव्हती. बाजेवर प्रेमला, वय बावीस-तेवीस. तिचा नवरा मल्लिनाथ पाझर तलावाच्या कामावरून धावत आला होता, हातापायांना माती तशीच. सासू सुमनबाई एका हातानं बाज धरून चालत होती. दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. पिकावर फवारायच्या औषधाचा, वर लाल त्रिकोण आणि कवटी.

“औषिद पिली,” सुमनबाई म्हणाली. “उकिरड्यापाशी पडली हुती. डबा हाताजवळ.”

“कधी?”

“कुनाला ठावं. दिस उगवताना चूल पेटिवली हुती तिनं.”

प्रेमलाच्या लुगड्याला त्या औषधाचा उग्र वास येत होता. सरोजिनीचं विषांचं जाड पुस्तक मुरुमला ट्रंकेत होतं. केंद्राची जीप टँकरच्या पाहणीवर लावलेली, म्हणजे बाईला धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात हलवायची सोय नव्हती. तिनं डबाच फिरवून वाचला. बाजूला बारीक अक्षरांत डॉक्टरांसाठी सूचना होती: उतारा म्हणून ॲट्रोपिनची सुई, गरज लागेल तशी पुन्हा पुन्हा. सरोजिनीनं कपाट उघडलं आणि काचेच्या अँप्युली फोडायला घेतल्या. मागं केशरबाई पोट धुवायची नळी घालत होत्या.

“नळी सरकंना,” त्या पुटपुटल्या. “जरा तेल द्या गं कुनीतरी.”

सरोजिनीनं ऐकलं आणि सोडून दिलं. तिनं दोन अँप्युली एकदम दिल्या.

पोट धुतलं तरी प्रेमला शांत झाली नाही. चेहरा लालभडक, तोंडानं अर्धवट शब्द. दोन्ही हातांनी ती हवेतून काहीतरी उचलायची, जपून छातीशी न्यायची, पुन्हा उचलायची. केशरबाई चोळीची गाठ सोडायला गेल्या तर त्यांचे हात झिडकारले. दारात दहा पुरुष उभे. केशरबाईंनी नुसतं लुगडं बदललं आणि चोळी राहू दिली.

औटपोस्टचे हवालदार येऊन डोकावून गेले. “बाई, संध्याकाळी सहाला कागद करतो. जीव द्यायचा प्रयत्न म्हणून लिहायचं ना?”

“अजून काही लिहू नका.”

“न लिहून कसं भागंल? डबा हातात घावलाय.”

सुमनबाई भिंतीला टेकली होती. तिचा आवाज चढला नाही. “लिवा तुमी. जीव द्याया निगालेल्या बाईच्या हाती आमी नातू द्यायचा न्हाय. जगली तर जाऊ दे तिच्या माहेराला. पोरगं आमचं हाय.”

मल्लिनाथनं आईकडं बघितलं, मग जमिनीकडं. बाजेवर प्रेमलाचे हात पुन्हा हवेत गेले.

दोन

माळकुंजीत फोन एकच होता, पोस्टात. पोस्टमास्तर शंकरप्पा आळंदच्या बाजूचे, कानडी घरातले. गावाचं कुठलंही बोलणं त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय बाहेर जात नसे.

“सोलापूर, अर्जंट,” सरोजिनी म्हणाली. नंबर तिच्या डायरीच्या पहिल्या पानावर होता. कॉलेजच्या शेवटच्या तासाला मार्तंड सरांनी तो फळ्यावर लिहिला होता: हा माझ्या वॉर्डातला फोन, विषाची केस आली आणि आजूबाजूला विचारायला कुणी नसलं की लावा. सगळी मुलं हसली होती. तिनं लिहून घेतला होता, तोही अक्षर सुंदर म्हणून.

आज तिला तो वॉर्ड आठवला. एक पेशंट आणि भोवती सात डॉक्टर. कुणीही चुकावं आणि कुणीतरी सावरावं.

वाशी, मग बार्शी, मग सोलापूर. पाऊण तासानं घंटा वाजली.

“तीन मिन्टं हं, बाई,” शंकरप्पा म्हणाले. “बार्शी एक्स्चेंजची पोरगी घड्याळ लावून बसलीय.”

“सर, मी सरोजिनी. एकोणऐंशीची बॅच.”

“शेवटच्या बाकावर बसून पहिलं उत्तर देणारी. बोल.”

तिनं डबा, वास, सूचना, सगळं सांगितलं.

“डब्याचं राहू दे. डबा तुझा पेशंट नाही. डोळे सांग.”

“बाहुल्या खूप मोठ्या आहेत, सर. पण मी दोन अँप्युली ॲट्रोपिन दिलंय, त्यानंही बाहुल्या मोठ्या होतात.”

“देण्याआधी कशा होत्या?”

सरोजिनीनं डायरी मिटली.

“बघितल्या नाहीत, सर.”

सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. “म्हणजे डोळ्यांची साक्ष आता घेता येत नाही, ती तूच बदललीस. दुसरा साक्षीदार शोध. हे औषध प्यालेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तोंडाला फेस, लाळ गळते, घामानं अंथरूण भिजतं. तुझ्या सुईच्या आधी तिचं तोंड कुणी उघडलं होतं? त्याला विचार.”

“आणि पुढची सुई, सर? सूचनेत पुन्हा पुन्हा द्या म्हटलंय.”

“समजेपर्यंत एक थेंब नाही. जर ते दुसरंच काही असलं तर तुझी सुई तिला...”

खट्ट आवाज झाला. तीन मिनिटं संपली होती.

तीन

केशरबाई प्रेमलाच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होत्या. फडकं ठेवायचा अवकाश, वाळत होतं.

“केशरबाई, नळी घालताना तोंड कसं होतं?”

“सांगितलं की तवाच. लाकडावानी जीभ. नळी चिकटत हुती म्हून तर तेल मागितलं. तुमी सुई भरत हुता तवा.”

“म्हणजे सुईच्या आधी?”

“आदी न्हाय तर काय. पैली नळी, मग सुई.”

“आणि पोटातून आलेल्या पाण्याला वास?”

केशरबाईंनी फडकं पुन्हा भिजवलं. “भाकरीचा आंबूस. औषधाचा न्हाय. त्यो वास लुगड्याला हाय, बाई. तोंडाला न्हाय.”

सरोजिनी बाजेजवळ बसली. वास बाहेर होता, आत नव्हता. खोलीतली सगळी माणसं घामानं निथळत होती, मल्लिनाथचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि प्रेमलाचं कपाळ तापलेल्या तव्यासारखं नि कोरडं ठणठणीत. लाळ नाही, घाम नाही. डब्यातलं औषध या बाईच्या पोटात गेलंच नव्हतं.

मग तो डबा तिच्या हाताशी का?

व्हरांड्यात सोसायटीचे सचिव बिभीषण सकाळपासून उभे होते. प्रेमला त्यांची नात्यातली नाही, शेजारची नाही. ते पेशंटकडं एकदाही बघत नव्हते, डब्याकडं मात्र सारखे बघत होते. आल्या आल्या कुणी न विचारता म्हणाले होते, “हा सोसायटीचा डबा न्हाय.”

“सचिवसाहेब,” सरोजिनी बाहेर येऊन म्हणाली, “बुडाला पांढऱ्या रंगानं आकडा घातलाय.”

“असंल. लोक काय बी आकडे घालतेत.”

“लसीचं खोकं ठेवायला मी तुमच्या गोदामात आले होते. तिथल्या प्रत्येक डब्याच्या बुडाला असाच आकडा आहे, याच हातचा. तुमचा सात असा पाय वाकडा करून बसतो.”

बिभीषण ओशाळून हसले. मग हसू गेलं. “बाई, ह्ये कुनाला सांगू नगा. रिकामे डबे ठेचून पुरायचे, असा हुकूम हाय वरचा. पर लोकं भांडं मागतेत वो, टँकरपाशी रांगंत लावाया घरात भांडं न्हाय. आठ-धा डबे वाटले म्या. प्रेमलाला मंगळवारी दिला. अगदी रिकामा. दोन महिने उनात पडलेला.”

“त्यात प्यायला पाणी भरायचं?”

“धुऊन घे म्हनलं की तिला.”

“कशानं?”

बिभीषण चपलेच्या टोकानं माती उकरू लागले.

डबा रिकामाच होता, तर प्यायला काहीच नव्हतं. मग दिवस उगवताना चूल पेटवणारी धडधाकट बाई दहा वाजता अशी कशी झाली? कुणी काही खायला घातलं होतं का? सरोजिनी वळली, तोच आतून केशरबाईंची हाक आली.

“बाई, नाडी बगा. मोजता यीना मला.”

एकशे चाळीस. सकाळी एकशे दहा होती. उतरायला हवं होतं ते चढत होतं. आणि उशाशी सुमनबाई पेल्यातून सुनेच्या ओठांना पाणी लावत होती.

“काय आहे त्यात?”

“पानी. दुसरं काय असतंय?”

सरोजिनीनं पेला हातातून काढून घेतला, फळीवर ठेवला. “मावशी, बाहेर बसा. सगळेच बाहेर.”

सुमनबाई उठली. दारातून मागं बघत म्हणाली, “माज्यावर आळ घेता व्हय, बाई? घ्या. पर ती तहानली हाय, तेवडं तिला पाजा.”

दार लागलं. आत प्रेमला, केशरबाई आणि सरोजिनी, चौथं कुणी नाही. पाणी केंद्राच्या माठातलं, दोन चमचे, सरोजिनीच्या हातचं. तासाभरानं नाडी पुन्हा मोजली तेव्हा एकशे बावन्न भरली.

विष देणारं माणूस बाहेर असेल तर असो. विष याच खोलीत होतं, आणि अजून चालू होतं.

चार

पोस्ट पाचला बंद होणार. सरोजिनी पोचली तेव्हा पावणेपाच व्हायला आले होते. दुसऱ्या कॉलची नोंद तिनं दुपारीच करून ठेवली होती. शंकरप्पा कानाला रिसीव्हर धरूनच बसलेले. “या, बाई. सोलापूर लागलंय, मी साहेबांना तब्येतपाणी विचारत होतो.”

“बोल,” मार्तंड सर म्हणाले. “भरभर.”

“जीभ सुईच्या आधीपासून कोरडी होती, सर. नळी तेल लावून घालावी लागली. पोटातल्या पाण्याला वास नाही. डबा रिकामाच होता. चेहरा लाल, अंग भट्टीसारखं, घाम नाही. हवेतलं काहीतरी वेचते.”

“लघवी?”

“सकाळपासून नाही. ओटीपोट फुगलंय.”

“हे कशाचं चित्र आहे?”

तोंडी परीक्षेला उभं राहावं तशी ती उभी होती. “धोत्र्याचं, सर.”

“धोत्रा आणि तुझं ॲट्रोपिन एकाच घरातले. डबा वाचून आणखी चार दिल्या असत्यास...” त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. “नाही दिल्यास. ते पुष्कळ झालं. नळीनं लघवी काढ, खोलीत अंधार कर, अंग गार ठेव, कुणाला बोलू देऊ नकोस.”

“पण सर, पोट धुतलं, त्यात बी नाही की पान नाही. सात तास झाले. उतरायचं सोडून चढतंय.”

“म्हणजे अजून जातंय. आणि तोंडातून जात नाही. मग राहिलं काय? डोळा, जखम, कातडी. कुठं लेप आहे का? पट्टी? अंग धुतलंस का तिचं?”

“पाणी नाही, सर.”

“कपडे तरी सगळे काढलेस?”

“लुगडं काढलं. चोळी तिनं सोडू दिली नाही. दारात माणसं होती.”

“दुखतं कुठं तिला? काही म्हणाली का? आधीपासून काही?”

नेमकं त्याच वेळी पोस्टाच्या ओट्यावर पत्र वाचून घ्यायला आलेल्या एका बाईचं मूल रडलं. भुकेचं रडणं. एवढ्या वर्षांच्या शिक्षणाला न विचारता सरोजिनीची छाती भरून आली, आणि पदराखाली ब्लाउज ओला झाला. तिनं कोपर आवळून धरलं. शंकरप्पा तिकिटांच्या वहीत डोकं घालून बसले.

दुखत होतं. सोळा दिवसांपासून रोज, ठरल्या वेळी, दगडासारखं दुखत होतं.

तिच्या डोळ्यांपुढं प्रेमलाचे हात आले. हवेतून उचलून छातीशी. सकाळपासून ती माउली बाजेवर तळमळतेय, सगळं घर दवाखान्याच्या दारात बसलंय, आणि व्हरांड्यात एकही लहान मूल रडलेलं नाही. ‘नातू देणार नाही’ म्हणाली सासू. पण नातू कुठं होता? सरोजिनीनं दिवसभर एकच विचारलं होतं, काय प्यायली. दुसरं काही विचारलंच नव्हतं.

“सर, समजलं मला,” ती म्हणाली आणि अर्धं मिनिट शिल्लक असताना रिसीव्हर खाली ठेवून पळत सुटली.

पाच

“मावशी, नातू कुठं आहे?”

व्हरांड्यात बसलेल्या सुमनबाईला प्रश्नच कळला नाही. “कुनाचा? आमचा? लेकीकडं हाय की, परंड्याच्या अंगाला. तिच्या हिरीला पानी हाय. इथं टँकरच्या पान्यानं हगवन लागली हुती त्याला. आठ दिस झाले धाडून.”

“प्यायचा अंगावर?”

“वरसाचा हाय, पीत हुता की.” सुमनबाई भिंत सोडून उठली. काहीतरी तिच्या ध्यानात यायला लागलं होतं.

सरोजिनी आत गेली आणि दार लावून घेतलं. केशरबाईंनी प्रेमलाचे हात धरले, सरोजिनीनं चोळीची गाठ सोडली. आत जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधलेली. पट्टीखाली हिरवा-काळा लेप, त्यावर शेकलेली पानं थरावर थर. लेपाखाली दगड झालेली छाती आणि बोंडांना चिरा पडलेल्या, ओल्या, उघड्या.

“धोतरा,” केशरबाई हळूच म्हणाल्या. “अगं बाई, चिरांवर बांदलाय गं हिनं.”

“पाणी घ्या.”

“माठातलंच हाय, प्यायाचं. उद्याच्याला...”

“घ्या, केशरबाई.”

माठ अर्ध्यावर संपला आणि लेप अजून निघत होता. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर सुमनबाई उभी होती, डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. घरातलं सगळं पाणी. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं घागरी उंबऱ्याच्या आत ठेवल्या आणि मागं सरली.

छाती धुतली, हात धुतले, नखांतला हिरवा मळ काढला, लघवीची नळी घातली, खिडकीवर घोंगडं टाकलं. मग सरोजिनीनं तो पत्र्याचा डबा उचलला. सकाळी तिनं तो बाहेरून वाचला होता, आत बघितलंच नव्हतं. बॅटरी आत मारली. तळाशी कोमेजलेली चार पानं चिकटली होती, मोठी, दातेरी.

सहाला हवालदार कागद घेऊन आले. सरोजिनी व्हरांड्यात उभी राहिली. समोर सुमनबाई, मल्लिनाथ, बिभीषण.

“हिनं काही प्यायलेलं नाही,” ती म्हणाली. “डबा रिकामा होता, तो सचिवांनी पाण्यासाठी दिला होता. त्याचा वास लुगड्याला लागला. पोटात ते औषध असतं तर तोंडाला फेस आला असता. हिची जीभ इतकी कोरडी होती की नळी जाईना. हे धोत्र्याचं विष, आणि ते तोंडातून गेलं नाही. लेकरू दूर गेलं, छाती तटतटली, म्हणून हिनं पानं वाटून बांधली. कातडीला चिरा होत्या, त्यातून ते रक्तात गेलं. सकाळी नवीन पानं आणायला ही डबा घेऊन उकिरड्यावर गेली, कारण सगळ्या शिवारात तेवढंच एक झाड हिरवं उरलंय. तिथंच भोवळ येऊन पडली. पानं डब्यातच आहेत, बघा. आपण सगळ्यांनी डबा बघितला आणि पुढचं आपल्या मनानं जोडलं. मीसुद्धा.”

हवालदारांनी डब्यात वाकून बघितलं. मल्लिनाथनं बघितलं नाही.

“पानं म्याच सांगितली तिला,” सुमनबाई म्हणाली. “चार दिसामागं रडत हुती राती. म्हनलं बांद, उतरंल. आमच्या टायमाला समद्याच बांदत हुत्या. कुनाला कुटं काय झालं?”

“तुमच्या वेळी एकदा बांधून सोडायच्या, मावशी. आणि सोडल्यावर धुवायला पाणी असायचं. हिनं चार दिवस सोडलंच नाही. वाळलं की त्यावर नवीन.”

“का न्हाय सोडलं?”

“ते तिलाच विचारायचं,” सरोजिनी म्हणाली.

हवालदारांनी पेन उघडलं. “मग काय लिहू?”

“अपघात लिहा. खाली माझी सही घ्या. आणि हेही लिहा, की डॉक्टरनं डोळे न बघता दोन सुया दिल्या.”

“ते कशाला, बाई?”

“खरं आहे म्हणून.”

सहा

शुक्रवारी दुपारी प्रेमलाची नाडी शंभराच्या आत आली. तिला लांबचं अंधुक दिसत होतं, जवळचं तर दिसतच नव्हतं. पहिला शब्द तिनं विचारला तो, “आलाय का?”

“मल्लिनाथ गेलाय आणायला. सकाळच्या गाडीनं,” सरोजिनी म्हणाली. “प्रेमला, लेप का नाही सोडलास गं?”

प्रेमलानं पदर छातीशी ओढला. “दुखायचं तर लई. पिळून टाकलं आसतं तर दुखणं थांबलं आसतं, आत्याबाईबी म्हनल्या. पर टाकू वाटंना, बाई. त्यो येईस्तोवर दूध ऱ्हायला पायजे हुतं. बांदलं की दुखत नव्हतं, मग टाकायचं काम नव्हतं.”

सरोजिनीनं तोंड फिरवलं. धोत्र्यानं दूध आटतं, राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की तीन-चार दिवस पिळून टाकायचं, विष धुऊन निघेपर्यंत, आणि मग पाजायचं. बाहेर केशरबाई कापूस गुंडाळत होत्या. सरोजिनी त्यांच्याजवळ जाऊन बसली. केशरबाईंनी जुनं काही काढलं नाही. कापसाचा अर्धा गठ्ठा तिच्या पुढ्यात सरकवला, आणि दोघी गुंडाळत राहिल्या.

रविवारी मल्लिनाथ पोराला घेऊन आला. पोरगं आल्या आल्या आजीच्या खांद्यावर गेलं ते उतरेना. प्रेमलानं हात पुढं केले तर त्यानं तिच्याकडं परकी बाई बघावी तसं बघितलं. तिनं घाई केली नाही. बांगड्या वाजवत बसून राहिली. अर्ध्या तासानं ते आपणहून सरकत आलं, तिच्या मांडीवर चढलं आणि पदर ओढायला लागलं. तिला पाजायचं नव्हतं अजून. ती दोन दिवस त्याचे हात धरून ठेवत होती आणि रडत होती. पण ते रडणं वेगळं होतं. सुमनबाई शेजारी बसून वाटीनं दूध पाजायची आणि म्हणायची, “मंगळवारी दील हां आई, मंगळवारी.”

मंगळवारी दूध आलं. थोडंच, पण आलं.

त्याच दिवशी सरोजिनीनं रजेचा अर्ज केला. मुरुमच्या एसटीत बसताना तिनं केशरबाईंना सांगितलं की येताना यशूला घेऊनच येते, पाण्याचं बघू काय ते. मुरुमला यशू आजोबांच्या धोतरामागं लपली. रात्री निजताना कुशीत आली, पण छातीशी घेतलं तर तिनं मान फिरवली. पेल्यानं प्यायला शिकली होती ती. सरोजिनी आवरून बसली. मोरीत टाकलेला एकेक दिवस तिला त्या क्षणी दिसला.

माळकुंजीला ती परत गेलीच नाही. रजेवर असतानाच उमरग्याच्या बाजूला बदलीचा कागद आला. मार्तंड सरांचा नंबर तिनं नव्या केंद्राच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतला, विंचू-सापाच्या औषधाच्या कपाटाच्या वर, की डॉक्टर बदलला तरी नंबर राहावा. वर्षातून पाच-सहा वेळा तो लागतो. “डबा राहू दे, डोळे सांग,” सर म्हणतात. आता ती आधीच बघून ठेवते.

केशरबाई निवृत्त होऊन लेकाकडं गेल्या. त्यांचं शेवटचं कार्ड दिवाळीत आलं. त्यात होतं, की प्रेमलाला दुसरं लेकरू झालं, मुलगी, गोरीपान आहे. आणि हेही होतं, की सुमनबाई अजून तशीच खमकी आहे. त्र्याऐंशी साली पोराला आणायला मल्लिनाथ निघाला तेव्हा ती म्हणाली होती, “औंदा आनतो. फुडलं फुडं.” ते सरोजिनीच्या डोक्यातून जात नाही.

कारण यंदा, सत्याऐंशीला, पुन्हा वाशीकडं टँकर सुरू झाले आहेत, आणि दिवाळीत जन्मलेली पोर आता सहा महिन्यांची आहे. सरोजिनीनं दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. प्रेमलाला लिहिता येत नाही, आणि मल्लिनाथ लिहिणारातला नाही.

म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असाल तर माळकुंजीला उतरा. एसटी शाळेपुढं थांबते. सोसायटीच्या गोदामामागं तिसरं घर. पाणी मागू नका, त्यांच्याकडं नसेल. दोन्ही लेकरं घरात आहेत का तेवढं बघा. धाकटी नसेल, तर प्रेमलाला बाजूला घेऊन विचारा, दुखतंय का. ती नाही म्हणेल. तरी लगेच उठू नका.